आजचा साठा

धरणाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. सरकारी भाषेत त्याला तांत्रिक वर्ष म्हणतात. ३१ मेच्या रात्री जुना हिशेब मिटतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून नवा मांडला जातो: कोयनेला पाऊस किती, नवजाला किती, महाबळेश्वरला किती आणि शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी किती टीएमसी. पावसाळाभर हे चार आकडे कराड-सांगलीपर्यंतची माणसं अशी विचारतात, जसा घरातल्या आजाऱ्याचा ताप विचारावा. साठा भराभर चढला की नदीकाठच्या गावांच्या पोटात गोळा येतो. चढलाच नाही, तर वर्षभराची चिंता. धरणाचं पोट मोठं आहे, १०५.२५ टीएमसीचं, पण ते भरायला महिने मिळतात चारच. जून ते सप्टेंबर जे अडवलं, त्यावरच पुढच्या मेपर्यंत दिवे लावायचे आणि शेतं भिजवायची.

पाटण तालुक्यातल्या, कोयनानगरच्या आसपासच्या एका वाडीची ही गोष्ट आहे. वाडीचं नाव सांगत नाही, कारण अशा वाड्या सह्याद्रीच्या प्रत्येक खोऱ्यात आहेत आणि गोष्ट त्या सगळ्यांची आहे.

वाडीच्या चावडीत एक काळा फळा आहे. तो लिहायचं काम आबांचं. आबांनी तीस वर्षं पाऊस मोजला. सकाळी आठला पर्जन्यमापक उघडायचं, आतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेबरोबर आणायचा, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. वारा माणसाला ढकलून देत असला तरी आठ म्हणजे आठ. निवृत्त झाल्यावरही हाताची सवय सुटली नाही. मोबाइलवर आलेले आकडे ते रोज खडूनं फळ्यावर उतरवतात. वर मथळा ठळक अक्षरात: आजचा साठा.

खरं तर त्या पाण्याचा वाडीला थेट उपयोग काही नाही. वाडीची जुनी जागा, देऊळ, भाताची खाचरं, सगळं त्याच पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या जोत्यांचे दगड उघडे पडतात आणि म्हातारी माणसं काठावर उभी राहून आपलं घर कुठलं ते नातवंडांना दाखवतात. तरीही शेतावर निघालेला माणूस फळ्यापाशी थांबतो, आकडा वाचतो, "रातीत दोन टीएमसी चढलं की," म्हणतो आणि पुढं जातो. ज्या पाण्यानं घर बुडवलं, त्या पाण्याचीसुद्धा या माणसांना काळजी आहे.

त्या साली जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अंगणवाडीचं छप्पर गळायला लागलं. आधी एका कोपऱ्यात गळत होतं, तिथं बादली ठेवली. मग बादल्या पुरेनात. महिन्याचा वजनाचा दिवस आला, तेव्हा ताईंनी, म्हणजे अंगणवाडी सेविकेनं, पोरांना चावडीत आणलं. मदतनीस मावशींनी तुळईला काटा टांगला, काट्याला झोळी अडकवली. एकेक पोर झोळीत बसायचं, पाय झाडायचं, काटा थरथरायचा. काटा स्थिर होईपर्यंत ताई थांबायच्या, डोळा काट्याच्या पातळीवर आणायच्या आणि मगच वहीत लिहायच्या.

आबा फळ्याखाली बसून पाहत होते. ती थांबायची रीत, तो डोळा खाली आणणं, सगळं त्यांच्या ओळखीचं होतं.

धनगरवाड्यावरून एक पोर आली होती, अडीच वर्षांची. आईनं घोंगड्यात गुंडाळून, दीड तास डोंगर उतरून तिला आणलं होतं. ताईंनी तिच्या डाव्या दंडाला पट्टी गुंडाळली. बोटभर रुंदीची, हिरवा, पिवळा आणि लाल रंग असलेली. पट्टीच्या खिडकीत आकडा आला ११.२. रंग लाल.

"ताई, ही पट्टी काय सांगती?" आबांनी विचारलं.

"साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, आबा. पोर ठीक. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, जपायचं. साडेअकराच्या खाली गेलं की लाल. लाल म्हंजी जिवाला धोका."

बाकीची पोरं काट्याला घाबरून भोकाड पसरत होती. ही पोरगी रडत नव्हती. झोळीत बसून नुसती तुळईकडं बघत होती. आबा म्हणाले, "शहाणी हाय गं." ताईंनी मान हलवली. हळूच म्हणाल्या, "रडायलाबी अंगात जोर लागतो, आबा."

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही तुझी नोंद जाती कुठं?"

"मोबाइलात भरते. वर जाती."

"आन् खाली?"

"खाली म्हंजी?"

"आपल्या वाडीत कोन वाचतं?"

ताई हसल्या. त्या हसण्यात उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आबांनी फळा पुसला. कोयना, नवजा, महाबळेश्वर, साठा. चार ओळी झाल्या. मग ताईंना विचारून घेतलेले आकडे त्यांनी त्याखाली लिहिले. नाव कुणाचं लिहिलं नाही, कोणत्या घरातलं तेही नाही. फक्त: वाडीतली पोरं ३१. हिरवी १९, पिवळी ९, लाल ३.

दुपारपर्यंत वाडीत चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, आबांना वयामुळं काही सुचेनासं झालंय. ज्यांच्या घरात लहान मूल होतं, त्या बायका एकेक करून ताईंकडं जाऊन हळूच विचारून आल्या, आमचं कशात हाय? संध्याकाळी सरपंच स्वतः चावडीत आले. सरपंच माणूस वाईट नव्हता. रस्त्यासाठी, नळासाठी त्यानं तालुक्याला हेलपाटे घातले होते. पण आता तो चिडला होता.

"आबा, गावची लाज फळ्यावर मांडली तुमी. हायवेवरनं माणसं जात्यात, वाचत्यात."

"धरनात पानी कमी हाय असं ल्हिलं, तर धरनाची लाज जाती व्हय?"

"ते येगळं."

"कसं येगळं?"

सरपंचाला पटकन उत्तर सुचलं नाही. तो म्हणाला, "ग्रामसभा हाय परवा. तितं बोलू."

ग्रामसभेपुढं मुख्य विषय होता वाडीच्या तोंडाशी स्वागत कमान बांधायचा. गट ग्रामपंचायतीनं तीन लाख रुपये बाजूला ठेवले होते. कमानीचं चित्रही तयार होतं, वर दोन हत्ती, मध्ये वाडीचं नाव. पावसाची झड होती, तरी माणूस जमला होता. त्या सभेत बायकाही नेहमीपेक्षा जास्त होत्या. फळ्यानं ते काम केलं होतं.

एक जण उठून म्हणाला, "पोरं ज्याची त्यानं सांभाळावी. जन्म दिला त्यानं खायाला घालावं. पंचायतीनं कुनाकुनाच्या घरात बघायचं?"

बऱ्याच माना हलल्या. हे वाक्य आपल्याकडं फार जुनं आहे आणि वरवर पाहता न्यायाचंही वाटतं.

आबा उठले. म्हणाले, "मी बारा वर्सांचा हुतो. ११ डिसेंबर १९६७. पहाटं सव्वाचार वाजून गेलं हुतं. आमी झोपल्यालो. भुई अशी हालली का कुनीतरी खालनं हात घालून चाळल्यागत. उठून बघतोय तर कोयनानगर आडवं. घरं बसली. माझा चुलता गेला. सुमारं पावनेदोनशे मानसं गेली त्या पहाटं. आन् धरनाला, भिताडाला, तडं गेलं." ते थांबले. "तवा सरकार आलं. इंजिनेर आलं. कुनी म्हनलं का, धरनाला तडं गेलं तर धरनानं आपलं आपुन बघावं? कुनी म्हनलं का, आदी वीज इकून पैसं कमवून दाव, मंग शिमिट घालतो? न्हाय म्हनलं. कारन खाली कऱ्हाड हुतं, सांगली हुती. भिताड फुटलं तर कुनाचं घर ऱ्हानार न्हवतं. म्हून सगळ्या राज्यानं पैका घातला आन् धरनाच्या पाठीला कांक्रिटचं टेकू दिलं. आजबी हायती. जाऊन बघा."

हे खरं आहे. भूकंपात धरणाच्या सांडव्याबाहेरच्या भागाला तडे गेले होते. पुढच्या काही वर्षांत त्या भागाला खालच्या अंगानं काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले.

"पोर म्हंजी काय?" आबा म्हणाले. "फुडचं पंचवीस वरीस त्याच्यामागं साठल्यालं असतं. त्याला तडा गेला तर पानी एकट्या आयबापाच्या घरात शिरत न्हाय. सगळ्या गावात शिरतं. पोराचा खर्च हा दानधर्म न्हाय. ते भिताडाचं काम हाय, आन् भिताडाचं काम सगळ्यांनी मिळून करायचं असतं."

सभा शांत झाली. पण एक तरुण उभा राहिला. त्याचा भाऊ नवी मुंबईच्या बाजारात माथाडी होता, तो स्वतःही दिवाळीनंतर जाणार होता. त्यानं विचारलेला प्रश्न मला साऱ्या गोष्टीत सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणाला, "आबा, पटलं. पर आपल्या वाडीत ऱ्हातंय कोन? पोरं मोठी झाली का ममईला. आपुन इतं दूध-अंडी घालायची, ती तितं जाऊन वझी उचलनार, टॅक्स तितं भरनार. मंग आपल्या पंचायतीनं का घालायचं?"

पाटण तालुक्यात हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेणार नाही. मुंबईतल्या माथाड्यांना एकत्र बांधणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्याचे. इथल्या किती घरांच्या भिंती मुंबईत उचललेल्या गोण्यांवर उभ्या आहेत.

आबा म्हणाले, "कोयना जाती कुठं?"

"कऱ्हाडला. कृष्णेत."

"ते देवानं ठरवलं. आन् मानसानं काय ठरवलं?"

तरुणाला उत्तर माहीत होतं. प्रत्येकाला माहीत होतं. धरणातलं बरंचसं पाणी पूर्वेला जातच नाही. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून ते पश्चिमेला कोकणात, पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. त्यासाठी कृष्णा पाणीतंटा लवादानं ६७.५ टीएमसीचा वाटा ठरवून दिला आहे. दशांश चिन्हापर्यंत.

"पाऊस पडतो आपल्या डोक्यावर," आबा म्हणाले, "आन् दिवा लागतो ममईत. म्हून धरान काय आपल्या पंचायतीनं बांदलं व्हय? आपल्या पंचायतीला बांदता आलं असतं? राज्यानं बांदलं, कारन दिवा राज्याचा हुता. तसंच हाय हे. पोर हितं जलमतं, घाम तितं गाळतं. म्हून आपुन घालायचं त्ये घालायचंच, पर ममईनंबी घातलं पायजे. त्ये मागायला लाजायचं न्हाय. पान्याचा वाटा मागताना कोन लाजतं का?"

नेमक्या याच ठिकाणी आपलं सार्वजनिक बोलणं कच्चं पडतं, असं मला वाटतं. पाण्याच्या वाट्यासाठी राज्यं लवादापुढं वर्षानुवर्षं भांडतात आणि तेही योग्यच आहे. मुलांच्या वाट्यासाठी कोण उभं राहतं? अंगणवाडीतल्या साध्या मुलामागं दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागं १२ रुपये हा पूरक आहाराचा दर केंद्रानं २०१७ मध्ये ठरवला. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. त्यानंतर डाळीचे, तेलाचे, अंड्याचे भाव कुठं गेले ते प्रत्येक घराला माहीत आहे. आठ रुपयांना कोयनानगरच्या स्टँडवर चहा तरी मिळतो का, हे एकदा विचारून पाहावं.

सभेत ताईंनीही हेच सांगितलं, पण त्यांच्या पद्धतीनं. त्या पहिल्यांदाच ग्रामसभेत बोलत होत्या. पदर सारखा करून म्हणाल्या, "धनगरवाड्यावरची पोर रोज खाली येऊ शकत न्हाय. तिची आय कामाला जाती. आठवड्याचं पाकीट मी देते, ते घरातली सगळीच खात्यात. तिला दिवसातनं पाच-सहा येळा थोडं थोडं खायाला लागतंय. ते कोन घालनार?"

मग गुरुजी उठले. शाळेतून निवृत्त झालेले, रयतच्या वसतिगृहात वाढलेले. त्यांनी तीन माणसांची आठवण काढली. घाटाखाली, कोतळूकला जन्मलेल्या गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात तेच सक्तीचं आणि मोफत केलं. ज्या राजानं राधानगरीला धरण घालायचं मनात घेतलं, त्यालाच पोरं शाळेत घालायची निकड कळली होती. आणि कराडजवळच्या काल्याला १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रसुद्धा.

"त्या अन्नावर माझ्यासारखी किती पोरं उभी राहिली," गुरुजी म्हणाले आणि त्यांचा आवाज दाटला. "पण एक विचारतो. गोखल्यांनी तिजोरी मागितली, ती उघडली नाही. महाराजांची तिजोरी होती, त्यांनी उघडली. भाऊरावांकडं तिजोरीच नव्हती, म्हणून एका बाईचं सोनं गेलं. आज आपलं राज्य आहे, आपली तिजोरी आहे. मग अजून आपण कुणाच्या मंगळसूत्राची वाट बघायची?"

पुढच्या बाकावर बसलेल्या बायकांपैकी एकीनं डोळ्याला पदर लावला. सरपंच खाली बघत होता.

त्या सभेत कमान रद्द झाली नाही, पुढं ढकलली गेली. एवढंच झालं, पण तेवढ्यानंही पुष्कळ झालं. त्या पैशातून आधी अंगणवाडीचं छप्पर घालायचं ठरलं. पंचायतीनं आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकांवर खर्च करायचे असतात. तो पैसा दरसाल कुठं जातो असं एका म्हातारीनं विचारलं, तेव्हा ग्रामसेवकानं वही काढली. गेल्या साली खुर्च्या घेतल्या होत्या. या साली त्यातून अंडी, गूळ-शेंगदाणे आणि धनगरवाड्यावर रोज चढून जाणाऱ्या बाईचं मानधन द्यायचं ठरलं. आणि एक अर्ज लिहायचा, वरच्या वाट्यासाठी.

अर्ज गुरुजींनी लिहिला. त्याला फळ्याचा फोटो जोडला.

महिनाभरानं तालुक्याहून एक साहेब आले. बरोबर एक तरुण डॉक्टर होती. साहेब सज्जन होते, अर्ज वाचून आले होते. चावडीत बसून चहा घेताना त्यांनी फळा वाचला. धरण ७१ टीएमसीवर होतं. पोरं ३१, हिरवी २१, पिवळी ८, लाल २. एक लाल पिवळीत आलं होतं. धनगरवाड्यावरची पोरगी अजून लालमध्येच होती.

"तुमचं म्हणणं रास्त आहे," साहेब म्हणाले. "पण वर मी हे पाठवलं की पहिला प्रश्न येणार, या खर्चातून निघणार काय?"

डॉक्टर म्हणाली, "सर, निघतं. मोजलेलं आहे." आणि तिनं जे सांगितलं, ते तिथं जमलेल्या बायकांनी कान देऊन ऐकलं. कोयनेच्या भिंतीला आधार देण्याचं काम चालू होतं, त्याच सुमारास, १९६९ पासून, जगाच्या दुसऱ्या टोकाला ग्वाटेमाला नावाच्या देशात चार खेड्यांत एक प्रयोग सुरू झाला. दोन खेड्यांतल्या मुलांना आपल्या पेजेसारखं, पण दुधाची पावडर घातलेलं पौष्टिक पेय मिळालं. दोन खेड्यांना नुसतं गोड सरबत. संशोधक निघून गेले नाहीत. ती मुलं मोठी झाली, कामाला लागली, तेव्हा पुन्हा त्यांची गाठ घेतली. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत ज्यांना ती पेज मिळाली होती, त्या पुरुषांची तासाची मजुरी सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. "आणि आपल्या राज्यातही," ती म्हणाली, "२००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. तेव्हा दोन वर्षांखालच्या शंभर मुलांमागं ३९ खुजी होती. २०१२ च्या पाहणीत ती चोविसाच्या घरात आली. पैसा आणि माणूस लावला की आकडा हलतो."

साहेबांनी टिपून घेतलं. मग म्हणाले, "ठीक. प्रस्ताव करतो. या वर्षीच्या तरतुदी होऊन गेल्यात. पुढच्या वर्षी नक्की बसवू."

पुढच्या वर्षी. हे शब्द ऐकून ताई उठून आत गेल्या.

आबा काही वेळ फळ्याकडं बघत राहिले. सभेत इतका बोलणारा माणूस, पण या वेळी अगदी हळू बोलला.

"सायेब, मी पोराची आन् धरनाची सांगड घातली. सगळ्या गावाला पटलं. पर एक जागा हाय, तितं ती बसत न्हाय. रातभर त्याचाच इचार करतोय. धरान यंदा भरलं न्हाय, तर फुडल्या जूनला पुन्ना पाऊस येतो. तुमचं वरीस एप्रिलला सुरू हुतं, धरनाचं जूनला. दोगांनाबी फुडलं वरीस हाय. त्या पोरीला तिसरं वरीस एकदाच हाय. तिचा पावसाळा चालू हाय सायेब. आता. फुडल्या साली तुमी टाकी भरून पानी आनशिला, पर तवा अडवायचं काय ऱ्हानार?"

साहेबांनी कप खाली ठेवला. उत्तर दिलं नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता. डॉक्टर म्हणाली, "सर, ग्राम बालविकास केंद्र या महिन्यात सुरू करता येईल. त्याला प्रस्तावाची वाट बघायला नको."

साहेब म्हणाले, "करा." जाताना ते फळ्यापाशी थांबले आणि मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. तो त्यांनी कुणाला दाखवला, त्यावर काय बोलणं झालं, हे वाडीला कळलं नाही. पण दर सोमवारी त्यांच्या कचेरीतून ताईंना फोन यायला लागला, "आजचा साठा किती?" आणि विचारणाऱ्याला पाण्याचा आकडा नको असायचा.

केंद्र सुरू झालं. नव्या छपराखाली. धनगरवाड्यावरच्या पोरीला तिची आई सकाळी आणून सोडायची. मावशी तिला दर दोन तासांनी वाटीतून भरवायच्या: शिजवलेला भात-डाळ कुसकरून वर चमचाभर तेल, अर्धं अंडं, केळं, औषधी आहाराची पेस्ट. पहिले चार दिवस ती तोंड फिरवायची. मावशी वाटी घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसायच्या, घाई करायच्या नाहीत. पाचव्या दिवशी तिनं मावशींच्या हातातला चमचा ओढला. तेराव्या दिवशी मावशींनी वाटी लवकर उचलली म्हणून ती इतक्या जोरात रडली की चावडीतून आबा धावत आले. दारात ताई उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "रडली, आबा," त्या म्हणाल्या.

श्रावण गेला, गणपती गेले. पितृपंधरवड्यात धरण १०० टीएमसीच्या पुढं गेलं. फळ्यावर आबांनी लिहिलं: हिरवी २४, पिवळी ६, लाल १. दसऱ्यानंतरच्या वजनाच्या दिवशी धनगरवाड्यावरच्या पोरीच्या दंडाचा आकडा १२.३ आला. दुसऱ्या दिवशी सकाळी फळा लिहायला आबा उठले तर सरपंच आधीच चावडीत हजर होता. "आज मी ल्हितो," म्हणाला. आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरात त्यानं लिहिलं: वाडीतली पोरं ३१. हिरवी २५, पिवळी ६, लाल ०. शून्य त्यानं दोनदा गिरवलं. आणि रस्त्यावरून दिसावा म्हणून फळा चावडीच्या बाहेरच्या भिंतीवर नेऊन टांगला. येणारी-जाणारी एसटी तिथं हळू व्हायची. कमानीची आठवण कुणी काढत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर पाऊस पूर्ण थांबला आणि रस्त्याचं काम सुरू झालं. कामाला बाहेरच्या जिल्ह्यातली कुटुंबं आली. पुलाच्या अलीकडं त्यांची पालं पडली, निळ्या प्लास्टिकची. एका सकाळी ताई पट्टी घेऊन तिकडं गेल्या आणि परत येऊन चावडीच्या पायरीवर बसल्या.

"एक हाय, आबा. दीड वर्साचं पोरगं. १०.९."

सरपंच तिथंच होता. त्यानं ऐकलं. "ती आपल्या वाडीची न्हवं," तो म्हणाला. "चार म्हैन्यांत जात्याल."

आबांनी खडूचा तुकडा हातात घोळवला. म्हणाले, "महाबळेश्वरला पडल्यालं पानी, नवजाला पडल्यालं पानी, धरान इचारतं का कुनाचं? पोटात आलं का साठ्यात धरतं."

सरपंच काही बोलला नाही. पालांकडं त्यानं एकदा पाहिलं. तिथं एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती आणि तिच्या पाठीशी बांधलेलं मूल मान टाकून पडलं होतं. धूर त्याच्या तोंडावर येत होता, तरी ते तोंड फिरवत नव्हतं.

सरपंच फळ्यापाशी गेला. गिरवलेल्या शून्याकडं बराच वेळ बघत उभा राहिला. मग हाताच्या तळव्यानं त्यानं ३१ पुसलं आणि ३२ लिहिलं. शून्य पुसायला दोनदा हात फिरवावा लागला. तिथं त्यानं १ लिहिला, खडू खिशात टाकला आणि पुलाच्या दिशेनं चालू लागला. ताई पट्टी घेऊन त्याच्या मागं निघाल्या.